दोष सापडला तर बरं

काउंटरवरच्या बाईने कार्ड घेतलं, कार्डावरच्या फोटोकडे बघितलं, मग काचेआडून आम्हा तिघांकडे बघितलं आणि सरळ फुगीला म्हणाली, "पेशंट तुम्हीच ना? रक्त द्यायला डावीकडच्या खोलीत बसा." फुगी माझी मुलगी. लहानपणी रुसली की गाल फुगवून बसायची, म्हणून फुगी. आता तिशीला आली तरी नाव काही सुटलं नाही. तिला काहीही झालेलं नाही. जिला झालंय ती, म्हणजे माझी बायको, तिच्या शेजारीच उभी होती, केस गेलेल्या डोक्याला निळा रुमाल बांधून, माझ्या दंडाला धरून. पण काउंटरवरच्या बाईचं चुकलं असंही मला म्हणवेना. कार्ड काढायच्या वेळी बायकोने मुद्दाम जुना फोटो दिला होता, त्यात मी बरी दिसते म्हणून. आजच्या फुगीचं आहे तेच रुंद कपाळ, तीच जराशी डावीकडे कललेली हनुवटी, कुणी काही विचारायच्या आतच उत्तर तयार असल्यासारखे तेच डोळे. "ती नाही हो, मी," बायको म्हणाली. "फोटो जुना आहे. माल तोच आहे, फक्त धुऊन धुऊन विटलाय." बाई ओशाळली, सॉरी म्हणाली. फुगी हसली. मला हसता आलं नाही. मी काउंटरची कड धरून उभा राहिलो.

कारण थोड्याच वेळापूर्वी वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळं नीट समजावलं होतं. त्या नीटच समजावतात, तोच त्यांचा त्रास आहे. अंडाशयाचा कॅन्सर परत आला होता, केमोच्या सलाइनने तो जरा मागे हटला होता, पण तो मागेच राहील याचा भरवसा नव्हता. एक गोळी आहे, त्या म्हणाल्या, त्याला मागे रोखून धरणारी. पण ती सगळ्यांना लागू पडत नाही. शरीरातल्या एका ठरावीक जनुकात दोष असेल, तर ती छान काम करते. नसेल तर नाही. ऑपरेशनच्या वेळचा गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, तो अपुरा निघाला, त्यातून काहीच कळलं नाही. पुन्हा पोट उघडायची ताकद आता यांच्यात नाही. तेव्हा रक्त तपासू. "दोष सापडला तर बरं," त्या म्हणाल्या. मी दचकलोच. उभं आयुष्य मी दोष शोधण्यात घालवलं, पण सापडला तर बरं असं कुणी माझ्यासमोर म्हटलं नव्हतं. "आणि नाही सापडला तर?" मी विचारलं. "तर ही गोळी नाही. मग जमेल तितकं सलाइनवर चालवू." जमेल तितकं. आमच्या कापडगिरणीतला मेकॅनिक जुन्या मागाकडे बघून हेच शब्द याच आवाजात म्हणतो, आणि मग तो माग फार दिवस चालत नाही. आम्ही उठलो, दारापर्यंत गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाई फुगीला म्हणाल्या, "आणि हो, आईच्या रक्तात सापडला तर तुमचंही रक्त बघावं लागेल. हा दोष आईकडून मुलांत उतरू शकतो. निम्मी शक्यता धरा. घाबरायचं नाही, लवकर कळलं की पुष्कळ काही करता येतं." फुगीने मान डोलावली. माझ्या दंडावरची बायकोची बोटं एकदम आवळली गेली. आणि मग आम्ही खाली आलो, आणि त्या काउंटरवरच्या बाईने मुलीला आई समजून आत पाठवलं.

फुगी आईवर गेलीय. ती जन्मल्यापासून हे मी ऐकत आलोय. शेजारणी म्हणायच्या, नातेवाईक म्हणायचे, शाळेतल्या बाई म्हणायच्या, आणि मी दरवेळी खोटंखोटं फुरंगटून म्हणायचो, मग माझं काय ते फक्त आडनाव! मनातून मला बरंच वाटायचं. माझ्यासारखी झाली असती तर काय, हे असले पंख्यासारखे कान आणि संशयी स्वभाव. आईसारखी हसते, आईसारखी भांडते, आईसारखीच जेवताना ताटातलं आवडीचं शेवटाला ठेवते. शिंक आली की आधी एक हात वर करून सगळ्यांना थांबवते, तेसुद्धा आईसारखंच. इतकं सगळं जिथून आलं तिथूनच हेही यायला काय हरकत आहे? मी तिला रक्त काढायच्या खोलीच्या दारात उभी राहिलेली बघत होतो. आत आईच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि ही तोंडाने धीर देत होती आणि स्वतःचाच दंड चोळत होती. नर्सने भरलेली नळी हलवून उजेडात धरली. मला वाटलं, मला दाखवा, मी बघतो, माझी नजर अजून शाबूत आहे. रक्त लालच होतं. त्यात मला काय दिसणार होतं?

माझं काम कापड तपासायचं. एक तिरकी काच असते, तिच्याखाली ट्यूबलाइट, आणि काचेवरून कापडाचा तागा वरून खाली सरकत राहतो. मी समोर उभा. दोष दिसला की मशीन थांबवायचं आणि त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. बारीकशी गाठ असेल तर चिमट्याने उपटून टाकायची. तागा स्वच्छ गेला की ओरडायचं, "पास!" ओरडायचं अशासाठी, की मागे तागा गुंडाळून घेणारा गडी, त्याला सगळे गुंडाळ्याच म्हणतात, माझ्याहूनही जुना आहे आणि मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेलेत. पास ऐकू आल्याशिवाय तो तागा बांधत नाही. इतकी वर्षं ओरडून तो शब्द माझ्या तोंडाला असा चिकटलाय की घरीसुद्धा सुटत नाही. भाजी चाखली, पास. पडदे लावले, पास. फुगीचा निकाल लागला, पास, आणि ती चिडायची, अहो बाबा, पहिली आलेय, नुसतं पास काय! बायको म्हणायची, यांच्या तोंडून एवढं निघालं तेच पुष्कळ समज.

कापडाचे दोष दोन जातींचे, आडवे आणि उभे. आडवा दोष म्हणजे विणताना कुठे तरी आडवा धागा तुटला, चुकीचा पडला. टीचभर जागेत गडबड, त्याच्या पुढे-मागे कापड निर्मळ. तेवढ्यावर दोरा बांधला की झालं. उभा दोष वेगळा. मागावर उभे धागे चढवतानाच एखादा धागा खराब आलेला असतो. मग तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच जातो. तागा कापला तरी संपत नाही, उभे धागे गुंडाळलेल्या त्याच रुळावरून निघालेल्या पुढच्या ताग्यातही तो त्याच जागी, काठापासून तेवढ्याच अंतरावर असतो. उभा दोष दिसला की मी हातातला तागा सोडून आधी पुढचा कुठाय ते विचारतो. हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य ऐकताच मला जनुक वगैरे काही दिसलं नाही, काचेवरून सरकत जाणारं पांढरं कापड दिसलं आणि त्यातली एक बारीक उभी रेघ. ती रेघ असावी अशी मी इच्छा धरायची होती. असली तर बायको वाचत होती. आणि असली तर मला फुगीकडे वळून बघावं लागणार होतं.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागणार होते. त्या दिवसांत मी कामावर जात होतो, काचेसमोर उभा राहत होतो, कापड सरकत होतं. मला देवाबिवाचं फारसं नाही, पण माणूस अडला की मनातल्या मनात कुणापुढे तरी हात पसरतोच. मी पसरायचो आणि माझं मलाच कळायचं नाही की मागू काय. सापडू दे म्हटलं की फुगी डोळ्यांसमोर यायची, रक्त काढायच्या खोलीच्या दारात दंड चोळणारी. नको सापडू म्हटलं की निळा रुमाल. दोघींतली एक निवड असं कुणी म्हणत नव्हतं, निवडून काही उपयोगही नव्हता, रक्तात जे होतं ते आधीपासून होतंच. तरी मला वाटत होतं, माझ्या इच्छेवर कोणीतरी कान ठेवून बसलंय, आणि मी जे म्हणेन तेच उद्या छापून येईल. म्हणून मी काहीच म्हणत नव्हतो. दातओठ आवळून काहीच न म्हणणं हेच एक काम होऊन बसलं. एकदा अख्खा तागा माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला आणि गुंडाळ्याने मागून हाक मारली, "अहो साहेब, झोपलात का? पास की नाही?" मी म्हणालो, माहीत नाही. "काय?" तो कानाला हात लावून म्हणाला. "माहीत नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडचं मशीन थांबलं. मग तोच तागा पुन्हा लावला. चहाच्या वेळी गुंडाळ्याने माझा पेला आणून माझ्यासमोर ठेवला.

बायकोला विचारायचं धाडस मला होत नव्हतं, तर एका सकाळी तिनेच विषय काढला. ती खिडकीपाशी बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होती, मी तिच्या गोळ्या डबीत भरत होतो. "अहो, ऐका," ती म्हणाली, "मी ठरवलंय. नाही सापडला तर बरं." जेवायला आज काय करायचं ते सांगावं तशी म्हणाली. मी म्हणालो, वेडी आहेस का, सापडला तर गोळी आहे. "गोळी मला आहे," ती म्हणाली, "तिला काय आहे? दर सहा महिन्यांनी तपासण्या, आणि दर तपासणीच्या आधी असंच खिडकीत बसणं. माझ्या आईचं काय झालं होतं ते कधी कळलंच नाही आपल्याला. पोटात पाणी झालं म्हणायचे. आता वाटतं, हेच असणार. मी आईवर गेले, ती माझ्यावर. आता पुरे." मी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, मंगळवारच्या खणातल्या गोळ्या बुधवारच्या खणात ओतल्या. मला राग आला होता. हिला मरायचा काय अधिकार, असा राग. "तुला माझं काही पडलेलंच नाही," मी म्हणालो. अगदी लहान मुलासारखं म्हणालो. ती बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचंच पडलंय. ती असली म्हणजे तुम्हाला कुणीतरी राहील." मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ मोठा सोडून उभा राहिलो.

फुगी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. माझा धंदा कापड बघायचा, बायको शाळेत परीक्षेच्या वेळी पोरांवर नजर ठेवायची, ही लोकांचे डोळेच बघते. आमच्या घरात सगळे बघायचेच धंदे. दोन दिवसांनी गिरणीतून परतताना मी तिच्या दुकानात शिरलो. कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं. "बरे आलात," ती म्हणाली, "बसा, नंबर बघू. कापड दुसऱ्यांदा लावावं लागतं म्हणे हल्ली." तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. अंधाऱ्या आतल्या खोलीत तिने मला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि समोर अक्षरांचा तक्ता उजळला. तिच्या बोटांना साबणाचा वास होता. ती एक काच चौकटीत सरकवायची, काढायची, दुसरी सरकवायची आणि रोज शंभर जणांना विचारत असेल त्या सुरात विचारायची, "हे बरं, की हे बरं?" पहिल्यांदा मी म्हणालो, पहिलं. मग दुसरं. "आता? हे बरं, की हे बरं?" मला अक्षरं दिसेनाशी झाली. "नीट बघा बाबा. हे? की हे?" "कुठलंच नाही," मी म्हणालो. "कुठलंच नाही गं, मला नाही सांगता येत, मला विचारू नकोस." चौकटीच्या खालून पाणी गालावर आलं. तिने हात मागे घेतला. खोलीत तक्त्याचा तेवढाच उजेड होता आणि तिचं कपाळ, तिची हनुवटी, ती कललेली.

ती पुढ्यातल्या स्टुलावर बसली. "आई काय म्हणाली ते मला माहीत आहे," ती म्हणाली, "मलाही म्हणाली. आम्ही भांडलो. मी सांगितलं तिला, सापडलाच पाहिजे. मला काय धाड भरलीय? मला आधीच कळेल, मी तपासण्या करीन, वेळ आली तर ऑपरेशन करीन. आईला कुणी आधी सांगितलं होतं का? तिला सांगितलं असतं तर आज ती..." तिने वाक्य सोडून दिलं. गाल फुगले होते. "मला अजून आई हवीय बाबा. मला कसली भीती घालता तुम्ही दोघं? तुम्ही कुणाकडून आहात?" मी चौकट काढली. मी कुणाकडूनच नाही असं सांगणार होतो, पण तिच्या कानांकडे बघत बसलो. तक्त्याच्या उजेडात मला पहिल्यांदाच नीट दिसलं की तिचे कान माझे आहेत. अगदी माझे, वरून जरासे बाहेर वळलेले. म्हणजे काहीतरी माझ्याकडूनही आलंय. निम्मं माझं आहे. मनातल्या मनात मी त्या कानांना धरून बसलो, बुडत्याने धरावं तसा. "काय बघताय?" ती म्हणाली. "काही नाही," मी म्हणालो.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभा असताना मला ती जन्मली तो दिवस आठवला. दुपटं सोडून मी तिला खिडकीशी नेली होती आणि दोन्ही हातांनी उजेडात धरली होती. बोटं मोजली, पाठ बघितली, मानेमागची घडी बघितली. नर्स ओरडायला लागली, पोरीला थंडी वाजेल. मी म्हणालो, "पास." पलंगावरून, घामाने चिंब, बायकोने विचारलं, "आणि मी?" मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "तुझं अजून बघून झालं नाही." ती इतकी हसली की टाके दुखले. पुढे तो आमचा खेळच झाला. नवा चष्मा आला, केस कापले, पहिला पांढरा केस दिसला, की ती समोर येऊन उभी राहायची, आणि मी? आणि मी तेच उत्तर द्यायचो. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ती घरी आली आणि आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मी मागेच होतो. तिने काही विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही, आणि आपणहून सांगावं हे मला सुचलं नाही. बस थांब्यावर थांबली, लोक उतरले, मी तसाच उभा राहिलो आणि दोन थांबे पुढे जाऊन चालत घरी आलो.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. मधे बायको, एका बाजूला मी, एका बाजूला फुगी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला, कागद बघितला, जो त्यांनी आधी बघितलेलाच होता हे मला कळत होतं. मी दातओठ आवळून बसलो होतो. अजूनही मी काही मागितलं नव्हतं. अगदी त्या घटकेलासुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "पूर्ण तपासलंय. रक्तात कुठेही दोष नाही."

"पास," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो. गुंडाळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, काचेसमोर उभा असल्यासारखा. दोष नाही म्हटलं की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. पण तेवढंच असतं तर बरं होतं. तो शब्द माझ्या छातीतून आला होता. त्याच्याबरोबर इतक्या आठवड्यांचा कोंडलेला श्वासही बाहेर आला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी सुटलो होतो. माझ्या बायकोची गोळी गेली होती आणि मी सुटल्याचा श्वास सोडला होता. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना वाटलं असावं यांना समजलं नाही, म्हणून त्या हलक्या आवाजात पुन्हा सांगू लागल्या की याचा अर्थ ती गोळी आता यांना देता येणार नाही. "कळलं त्यांना," फुगी म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. असं तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. "तुम्हाला बरं वाटलं ना बाबा? खरं सांगा." मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो. तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली, तोंडावर हात न घेता, चार वर्षांची असताना रडायची तशी. आणि मग माझ्या शेजारून एक आवाज आला, तो काय आहे हे मला आधी कळेना. बायको हसत होती. पोट धरून हसत होती, दुखत होतं तरी हसत होती, रुमाल डोक्यावरून घसरला तरी. "अगं ऐकलंस का?" ती फुगीला म्हणाली. "पास झालीस. बापाने पास केलीय तुला, दुसऱ्यांदा." तिने फुगीचं डोकं स्वतःच्या कुशीत ओढलं आणि दुसऱ्या हाताने माझा हात शोधला. डॉक्टरीणबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

खाली आलो तेव्हा दुपार होती. फुगी माझ्याशी बोलत नव्हती. मी टॅक्सी बघते, म्हणाली, आणि फाटकाबाहेर गेली, उन्हात, आईसारखीच ताडताड. आम्ही दोघं दाराशेजारच्या बाकावर बसलो. समोर मोठी काच होती, तिच्यातून ऊन थेट बायकोच्या अंगावर येत होतं. काउंटरवरची ती बाई लांबून आमच्याकडे बघून ओळखीचं हसली. मला सांगायचं होतं की माझं चुकलं, की मी तसं मागितलं नव्हतं, की मी काहीच मागितलं नव्हतं. की तू नसलीस तर मी घरात शिरू कसा, दिवा कुठला लावू, पास म्हणू कुणाला. बायकोला उकडलं. तिने रुमाल सोडला, मांडीवर ठेवला, डोकं मागे भिंतीला टेकवलं. डोक्यावर आता बारीक लव आली होती, पांढरी. ती उन्हाकडे तोंड करून बसली. मग तशीच, माझ्याकडे न वळता, जुन्या आवाजात म्हणाली,

"आणि मी?"

मी तिची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. रुंद कपाळ, डोळ्यांखालची काळी अर्धवर्तुळं, डावीकडे कललेली हनुवटी, गळ्यावरची निळी शीर, तिच्यातली धडधड. मी हळूहळू, वरपासून खाली बघत गेलो, आणि खाली पोचल्यावर पुन्हा वरपासून सुरुवात केली.

"तुझं," मी म्हणालो. "तुझं अजून बघून झालं नाही."

"मग बघा की," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "टॅक्सी यायला अजून वेळ आहे."